रेल्वेप्रेमींचा गट ठाण्यात टिकवायचा असेल तर: व्याख्यानं, फेऱ्या आणि परवानग्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या पंधरा-वीस रेल्वेवेड्यांचा एक गट जमला आहे. महिन्यातून एकदा व्याख्यान ठेवतात. पहिल्या दोन कार्यक्रमांना खुर्च्या कमी पडल्या, चौथ्याला निम्मं सभागृह रिकामं होतं. सहली काढायच्या तर कुठे, परवानगी कोणाकडे मागायची, वक्ते कुठून आणायचे, आणि ज्यांना इंजिनांचे नंबर पाठ नाहीत अशा घरातल्या माणसांना यात रस कसा वाटायचा?

मी ठाण्यात असे कार्यक्रम बरीच वर्षं आखत आले आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते. व्याख्यानाला माणसं कमी होतात ती विषय कंटाळवाणा असतो म्हणून क्वचितच. ऐकलेल्या गोष्टीचं पुढे काहीच होत नाही, म्हणून ती गळतात. तासभर इंजिनांच्या चित्रफिती बघून माणूस घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी तीच ८.१२ ची लोकल पकडतो; त्या लोकलमध्ये त्याला नवीन काही दिसत नाही. म्हणून माझा आग्रह एकच असतो: प्रत्येक व्याख्यानाला त्याची फेरी जोडा. आज जे ऐकलं ते येत्या रविवारी डोळ्यांनी बघता आलं पाहिजे, आणि फेरीत जो प्रश्न कोणालाच सुटला नाही तो पुढच्या व्याख्यानाचा विषय झाला पाहिजे. ठाण्यासारखं गाव यासाठी शोधूनही सापडणार नाही. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघून इथेच येऊन थांबली, आणि त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक कालखंडाची खूण आपल्याला रोजच्या तिकिटात बघता येते.

त्या १६ एप्रिलवर मात्र फार रेंगाळू नका. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनं... हे बहुतेकांना शाळेपासून ठाऊक आहे. मला त्याहून जवळची वाटते ती पुढच्या वर्षीची तारीख. १ मे १८५४ ला रूळ ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोचला. ठाणं हे शेवटचं स्टेशन होतं ते वाटेवरचं झालं, आणि घाटाकडे जायची दिशा तिथून उघडली. ठाण्याच्या गटाने पहिली जोडी म्हणून हाच विषय घ्यावा, कारण फेरीचा खर्च जवळजवळ नाहीच.

फेरी अशी काढा. ठाण्याहून स्लो लोकलने डोंबिवलीला जायचं, डाव्या खिडकीजवळ दोघं, उजव्या खिडकीजवळ दोघं, बाकीचे आळीपाळीने दाराच्या आतल्या बाजूला. खाडी ओलांडली की कळवा, आणि मग गाडी पारसिकच्या डोंगराला वळसा घालायला लागते. उजवीकडे डोंगर, त्यावर मुंब्रादेवीचं देऊळ, डावीकडे खाडी. ही जुनी दिशा आहे, डोंगर टाळून पाण्याच्या कडेने जाणारी. डोंबिवलीला उतरून चहा प्यायचा आणि येताना फास्ट लोकल पकडायची. दिवा सोडलं की पारसिकच्या बोगद्याची गोष्ट सांगायची; २०२२ पर्यंत फास्ट लोकल त्यातूनच जात. सुमारे १.३ किलोमीटरचा हा बोगदा १९१६ साली वाहतुकीला खुला झाला, आणि तेव्हापासून फास्ट गाड्यांनी मुंब्रा-कळव्याचा वळसा सोडला. मग तिसरी गोष्ट दाखवा: मुंब्र्याच्या बाजूला नव्याने आलेले रूळ. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना लोकलपासून वेगळी वाट मिळाली: बोगदा त्यांच्याकडे राहिला आणि फास्ट लोकल मुंब्रा-कळव्याच्या बाजूला आल्या. म्हणजे एकाच डोंगरापाशी १८५४, १९१६ आणि २०२२ अशी तीन उत्तरं शेजारीशेजारी आहेत. पहिल्यात खर्च टाळायचा होता, दुसऱ्यात वेळ वाचवायचा होता, तिसऱ्यात लोकल आणि मेल यांची गाठ सोडवायची होती. रोज त्या डोंगराजवळून जाणाऱ्या माणसाला हे एकदा कळलं की तो पुढच्या महिन्यात येतोच, आणि शेजाऱ्यालाही घेऊन येतो.

दुसरी जोडी सिग्नलची. हा विषय तांत्रिक म्हणून लोक टाळतात, पण माझ्या अनुभवात प्रवाशांची सर्वांत जास्त उत्सुकता इथेच असते. प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न वर्षानुवर्षं असतो: गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबते, जरा वेळ उभी राहते आणि मग मुंगीच्या पावलांनी पुढे का सरकते? उत्तर सिग्नलच्या खांबावर आहे. उपनगरी मार्गावर स्वयंचलित सिग्नल असतात, पुढची गाडी जसजशी सरकते तसे ते आपोआप बदलतात. हिरवा म्हणजे वाट मोकळी, दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल बेताच्या वेगाने ओलांडायच्या तयारीत राहा, एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीत राहा, आणि लाल म्हणजे थांबा. पण खांबावर 'ए' अक्षराची पाटी असेल, तर लाल असतानाही मोटरमनला दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबून, नंतर अत्यंत सावधपणे, पुढे अडथळा दिसताच थांबता येईल इतक्या हळू जाता येतं. ते 'मुंगीचं पाऊल' हेच. सभागृहात हे चार रंगीत दिव्यांच्या तक्त्यावर समजावायचं आणि रविवारी सगळ्यांनी फलाट तिकीट काढून ठाण्याच्या फलाटावर तासभर उभं राहायचं. गाडी गेल्यावर सिग्नल कोणत्या क्रमाने बदलतो ते वहीत लिहायचं. फलाटाच्या टोकाचा उतार सोडून अलीकडे, पिवळ्या पट्टीच्या आत. त्याच तासात गाड्यांच्या कपाळावरची अक्षरंही वाचून घ्या. कल्याणला 'के' हे सरळ आहे, पण कसाऱ्याला 'एन' आणि कर्जतला 'एस' का, हे नव्या पिढीला माहीत नसतं. कल्याणपासून फुटणाऱ्या दोन फाट्यांना ईशान्य आणि आग्नेय मार्ग म्हणत, त्या उत्तर-दक्षिणेची ती इंग्रजी आद्याक्षरं आजही गाडीवर फिरताहेत.

आता वक्ते. मोठं नाव शोधायच्या मागे लागू नका. मध्य रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याणच्या प्रत्येक सोसायटीत आहेत. मोटरमन, गार्ड (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात), सिग्नलचे मेंटेनर, कारशेडमधले फिटर, स्टेशन मास्तर, ट्रॅकमन. यांच्यापैकी बहुतेकांना 'व्याख्यान द्या' म्हटलं की ते दचकतात. मग एक तर येत नाहीत किंवा नियमावली वाचून दाखवतात. त्यांची मुलाखत घ्या. समोर एक खुर्ची, बाजूला विचारणारा, आणि प्रश्न अगदी नेमके. 'तुमचे अनुभव सांगा' असं विचारलं तर काकांना कुठून सुरुवात करावी कळत नाही. 'पहाटेच्या पहिल्या गाडीची ड्यूटी असली की घरून किती वाजता निघायचात, लॉबीत गेल्यावर पहिली सही कशावर, डबा कुठे खायचात?' असं विचारा, मग पुढचा तासभर तुम्हाला बोलावंच लागत नाही. एखादी वस्तू बरोबर आणायला सांगा. हातबत्ती, शिट्टी, जुनं वेळापत्रक, एकेरी मार्गावर काम केलेलं असेल तर टोकनच्या गोळ्याचं, म्हणजे पुढची वाट मोकळी असल्याची खूण म्हणून मोटरमनला देत त्या गोळ्याचं, चित्र. वस्तू हातात फिरली की मागच्या रांगेतली मुलंही पुढे येतात.

ट्रॅकमनना विसरू नका, हे मी मुद्दाम वेगळं सांगते. रेल्वेप्रेमींच्या मंडळांत इंजिनांचं आणि मोटरमनचं कौतुक खूप होतं, रुळाचं कमी. पावसाळ्यात रात्री रूळ चालत तपासणारा माणूस काय बघतो, रूळ उन्हाने वाढतो आणि थंडीत आकसतो तेव्हा काय करावं लागतं, खडी का भरायची, रुळाखालची खडी दाबून बसवणारं टॅम्पिंग मशीन आल्यावर काय बदललं, हे ज्याने केलं त्याच्याकडूनच ऐकावं. आमच्याकडे सर्वांत जास्त वेळ टाळ्या वाजल्या त्या अशाच एका मुलाखतीला. आणि परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा. दोन प्रती ठेवा, तारीख आणि स्टेशनांची नावं लिहून ठेवा. तारेत १५०० व्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज असायची त्या काळात काम केलेली माणसं आता उताराला लागली आहेत. भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला अशी हार्बर मार्गाने धावली ती याच डीसी विजेवर, आणि मुंबईत डीसीचा शेवट हार्बर मार्गावर २०१६ च्या एप्रिलमध्ये झाला. नव्वदहून जास्त वर्षं एक अख्खी कारागिरी त्यावर उभी होती. जाड तारा, जवळजवळची सबस्टेशनं, मोटरमनच्या हाताखालचे हँडलचे टप्पे. २५ हजार व्होल्ट एसी आल्यावर सबस्टेशनं लांब लांब गेली, ब्रेक लावताना तयार होणारी वीज तारेत परत जाऊ लागली. हा बदल ज्यांनी हातांनी केला त्यांना बोलतं करायला फार वर्षं उरलेली नाहीत.

वर्षातून एक फेरी जरा लांबची काढा, आणि माझ्या मते ती खोपोलीची असावी. सगळे माथेरान सुचवतात. माथेरानची दोन फुटी गाडी १९०७ सालची, सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने उभारलेली. ती सुंदर आहेच, पण पंधरा-वीस जणांना एकाच गाडीची तिकिटं मिळणं कठीण, आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, फक्त वरची अमन लॉज-माथेरान शटल चालते. खोपोलीला लोकल जाते. आणि गोष्ट तिथे मोठी आहे.

बोरघाटाचं व्याख्यान आधी ठेवा. १८५६ साली रूळ पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आला. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट १८६३ पर्यंत पुरा नव्हता. तेवढी वर्षं मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस खोपोलीला उतरायचा, पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचा. आज कर्जतहून खोपोलीला जाणारी लोकल त्याच जुन्या फाट्यावर धावते. पळसदरी सोडल्यावर खिडकीतून बघितलं की घाटाची लाइन डोंगराच्या अंगाने वर चढताना दिसते आणि आपली गाडी पायथ्याने पुढे जाते. व्याख्यानात ऐकलेला पेच तिथे समोर उभा राहतो: सुमारे २५ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरहून जास्त चढायचं, तेही सदतीसला एक या चढाने.

व्याख्यात्याला एक विनंती करा. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचं नाव येईलच. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालवून काम पुरं करून घेतलं, हेही सांगायलाच हवं. पण एका टप्प्यावर या घाटात ४० हजारांहून जास्त मजूर राबत होते, आणि कॉलरा, ताप, सुरुंग आणि कड्यांवरचे अपघात यांत हजारो गेले. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. घाटाचं कौतुक करणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमात त्यांच्यासाठी दहा मिनिटं राखून ठेवायला हवीत. निदान आमच्याकडे ती असतात.

परतीला कर्जतच्या फलाटावर अर्धा तास थांबा. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर, म्हणजे घाट चढताना ढकलणारी, इंजिनं लागतात ते बघायला मिळतं. त्याच फलाटावरून सोलापूरची वंदे भारत बँकरशिवाय घाटाकडे जाते, कारण तिच्या मोटरी एका इंजिनात एकवटलेल्या नसून गाडीभर विखुरलेल्या असतात. दोन्ही एकाच दिवशी बघितल्या की चढावर चाकांची पकड म्हणजे काय हे दहावीच्या मुलालाही कळतं. उतरणाऱ्या गाडीबद्दलही बोला: घाटात तिला ठरलेल्या जागी थांबून ब्रेक ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं, तोपर्यंत पुढचा सांधा कॅच सायडिंगच्या चढाकडे वळलेला असतो, म्हणजे सुटलेली गाडी तिकडे जाऊन चढावर थांबेल. मंकी हिल, ठाकूरवाडी इथे उतरून फोटो काढायची टूम हल्ली फार निघते. ती ठिकाणं प्रवाशांसाठी नाहीत. आपल्या गटाच्या नावाने तिथे कोणी गेलेलं मला चालणार नाही, आणि तुम्हीही पहिल्याच बैठकीत हे स्पष्ट सांगा.

नवी मुंबईकरांना आपण ठाण्याच्या शेपटाला बांधलेलो आहोत असं वाटू देऊ नका. त्यांच्याकडे स्वतःचा मोठा ऐवज आहे. मानखुर्द-वाशी मार्ग १९९२ मध्ये खाडी ओलांडून आला, तेव्हा शहर अजून वसत होतं. मार्गाच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोचा आणि ३३ टक्के रेल्वेचा. मुंबईत आधी गाडी आली आणि मग तिच्या कडेने वस्ती, इथे स्टेशन आणि नगररचना एकत्र आखली गेली. वाशी आणि बेलापूर स्टेशनांच्या डोक्यावर कार्यालयं का आहेत, फलाटाखालून शहराच्या दोन्ही बाजूंना जाता यावं याचा विचार कसा झाला, हे एखाद्या वास्तुविशारदाकडून ऐका आणि मग ठाण्याहून ट्रान्सहार्बरने निघा. २००४ साली सुरू झालेला हा मार्ग बहुतेक लोक फक्त ऑफिसला जायची वाट म्हणून ओळखतात. ऐरोली, रबाळे, घणसोली करत नेरूळला या, तिथून उरणची लोकल पकडा. जानेवारी २०२४ पासून ती थेट उरणपर्यंत जाते. वाटेत खाजण, मिठागरांच्या जुन्या खुणा, न्हावाशेव्याच्या बंदराकडे वळणारे कंटेनरच्या गाड्यांचे रूळ. उरणला मासळीचं जेवण करून दुपारी परत. ही फेरी आजीआजोबांनाही झेपते.

आणि कोकण रेल्वेचं मुख्यालय तर सीबीडी बेलापूरलाच आहे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्गावर गाडी सुरू झाली. मधल्या काळातले अभियंते, सर्व्हेअर, त्यांची कुटुंबं नवी मुंबईत भेटतात. साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा, रत्नागिरीजवळ ६० मीटरहून उंच असलेला पानवल नदीचा पूल, हे आकडे कुठेही मिळतील. त्यांना विचारा मातीबद्दल. कठीण दगडातून बोगदा काढणं एक वेळ सोपं. मऊ, पाण्याने भरलेल्या मातीत खणलेलं पुन्हा आत येत होतं, तिथे काय केलं? पावसाळी वेळापत्रकात गाड्या का हळू धावतात, डोंगर कापून काढलेल्या कोणत्या वाटेवर (कटिंगवर) रात्रंदिवस माणूस बसतो? कोकणातल्या गणपतीच्या गाड्यांसाठी पहाटेपासून रांगेत उभे राहिलेले ठाणेकर हे ऐकायला दाटीवाटीने बसतात. याची फेरी कोलाडची. मालट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेणारी रो-रो सेवा १९९९ पासून तिथून चालते.

इंजिनांत रस नसलेल्यांचं काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रेल्वेप्रेम म्हणजे इंजिनांचे वर्ग आणि क्रमांक, असं ज्या गटात नकळत ठरून जातं तिथे बायका दुसऱ्या कार्यक्रमानंतर येत नाहीत. मी स्वतः या छंदात आले ती लेडीज डब्यातल्या उभ्या प्रवासातून. म्हणून वर्षातून एक बैठक फक्त प्रवाशांची ठेवा, वक्ता नाही. विषय द्या: लेडीज डबा. तिघींच्या बाकावरची चौथी सीट, भाजी निवडणं, डब्यातली हळदीकुंकवं, भिशी, भजनी मंडळं, दाराशी उभं राहण्याचे अलिखित नियम, १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हा इकडच्या बायकांना काय वाटलं. किंवा विषय द्या: २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या रात्री कोण कुठल्या गाडीत अडकलं, कोण रुळांवरून चालत आलं, कोणी बिस्किटं वाटली. एक जण बोलला की दहा जण बोलतात, आणि यातला प्रत्येक जण रेल्वेच्या इतिहासाचा साक्षीदार आहे हे त्यालाही त्या दिवशी प्रथम कळतं. ही मुद्रणंही जपून ठेवा. पुढच्या पिढीला पन्नास वर्षांनी इंजिनाचा क्रमांक कुठेतरी मिळेल, लेडीज डब्यातला संवाद मिळणार नाही.

परवानग्यांचं सांगते. फलाटावरून बघायला फलाट तिकीट किंवा प्रवासाचं तिकीट पुरतं. फलाट तिकीट दोन तासांचं असतं, ते लक्षात ठेवून वेळ आखा. कारशेड, लोकोशेड, सिग्नल केबिन, नियंत्रण कक्ष इथे लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. विभागीय कार्यालयाला पत्र लिहा. गट कोण, हेतू काय, किती माणसं, वयं, ओळखपत्रांच्या प्रती, सोयीच्या दोन-तीन तारखा (आठवड्याच्या मधल्या, शक्यतो सकाळच्या), छायाचित्रं काढायची आहेत की नाहीत हे वेगळ्या ओळीत. बाराच्या आत संख्या ठेवलीत तर होकार मिळण्याची शक्यता वाढते. कळव्याची आणि सानपाड्याची कारशेड आपल्या अंगणात आहे, तिथून सुरुवात करा. उत्तराला वेळ लागतो, नकारही येतो; नकार आला तर आभाराचं पत्र पाठवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. ओळखीच्या कर्मचाऱ्याने 'या हो, मी नेतो आत' म्हटलं तरी जाऊ नका. त्याची नोकरी पणाला लागते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

रुळांवर उतरणं हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या मार्गावर दरवर्षी किती माणसं रूळ ओलांडताना जातात हे ठाण्यात कोणाला वेगळं सांगायला नको. डोक्यावरच्या तारेत २५ हजार व्होल्ट आहेत, म्हणून पादचारी पुलावर सेल्फीची काठी, लांब छत्री, ट्रायपॉड यांना पूर्ण बंदी ठेवा. फ्लॅश मोटरमनच्या डोळ्यांवर मारायचा नाही. हे नियम पहिल्या फेरीच्या आधी वाचून दाखवा आणि जो मोडेल त्याला, तो कितीही जाणकार असो, पुढच्या फेरीला नेऊ नका. माझी याबाबत कसलीही सवलत नसते.

काही बारीकसारीक गोष्टी. तारीख ठरवण्याआधी मेगाब्लॉक बघा. रविवारी तो कुठे ना कुठे असतोच. पण ब्लॉकला नुसतं टाळू नका. टॉवर वॅगनवर, म्हणजे तारांच्या कामाच्या गाडीवर, चढून तार ओढणारी माणसं फलाटावरून बघणं हीसुद्धा फेरी होऊ शकते. २०२४ च्या मे अखेरीस ठाण्याचा पाच-सहा क्रमांकाचा फलाट रुंद करायला ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता, तेव्हा काय-काय हलवावं लागलं यावर एखाद्या अभियंत्याला बोलवाच, कारण त्या फलाटावर आपण रोज उभे असतो. सभागृहासाठी मोठं भाडं भरू नका. नौपाडा, घंटाळी भागात वाचनालयांच्या आणि सोसायट्यांच्या खोल्या मिळतात आणि स्टेशनपासून चालत येता येतं, हे व्याख्यात्याच्या वयाला सोयीचं. कार्यक्रम साडेपाचला सुरू करून साडेसातला संपवा, म्हणजे नेरूळ-पनवेलकडच्या माणसांना घर गाठता येतं. लहान मुलं आठ वर्षांच्या पुढची, एका मोठ्या माणसामागे दोनच.

आणि नव्याने सुरुवात कुठल्या दिवशी करावी, तर १ मे. महाराष्ट्र दिनाची सुट्टी असते, गाड्यांना गर्दी कमी असते, आणि खाडी ओलांडून गाडी कल्याणला गेली तीही त्याच तारखेला. आदल्या शनिवारी पारसिकचं व्याख्यान ठेवा. १ मेला सकाळी साडेसातला ठाणे स्टेशनच्या पुलावर जमा, उन्हं चढायच्या आत डोंबिवलीहून परत या, आणि वहीत जे प्रश्न राहिले असतील ते मला कळवा. जूनच्या मुलाखतीसाठी कोणाला गाठायचं ते त्यावरून सुचवते.